तिसऱ्या डावातला चेंडू

निवडणुकीत द्यायचं तेवढं सोडलं, तर दत्तात्रय बेहेऱ्यांनी आयुष्यात कुणाला मत दिलं नव्हतं. पुण्याच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि गणितात मताला जागा नसते. घरात काय घ्यायचं, कुठं जायचं, कुणाच्या लग्नाला किती दिवस आधी पोचायचं, हे सगळं सरलाबाई ठरवत. आणि दर रविवारी ते क्लबाच्या क्रिकेट सामन्यांना स्कोअरर म्हणून जात, तिथं तर मत असणं म्हणजे पापच. अंपायरनं बोट वर केलं की आउट, दोन्ही हात वर केले की षटकार. आपण हात हलवून 'पाहिलं' म्हणून कळवायचं आणि वहीत उतरवायचं. आउट होता की नव्हता यावरून सगळं मैदान हातघाईवर आलं, तरी दत्तात्रय आपले पेन्सिलीला टोक काढत बसलेले असत. ही जागा त्यांना फार आवडायची.

म्हणूनच जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये बेसबॉलच्या वहीशी गाठ पडली तेव्हा त्यांची चांगलीच पंचाईत झाली.

दर उन्हाळ्यात दत्तात्रय आणि सरलाबाई तीन महिने मुलाकडे, मयुरेशकडे, राहायला येत. मयुरेशची एकुलती एक लेक अन्वी. वय एकवीस, इथंच जन्मलेली, इथल्याच युनिव्हर्सिटीत मेडिकल टेक्नॉलॉजी शिकणारी आणि युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल संघात खेळणारी. संघ मुलामुलींचा मिळून होता. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं, आणि आजोबांना जर्मनमधले आकडे आणि 'डांके', म्हणजे आभार, एवढंच येत होतं. त्यामुळे त्या दोघांचं बोलणं थोडक्यात आटपायचं. गेल्या वर्षी मात्र आजोबा मैदानाच्या कडेला बसून डायरीत आपल्या मनानं काहीबाही खुणा करताना तिला दिसले, आणि तिचे डोळे चमकले. स्पर्धेचा नियम असा होता की प्रत्येक संघानं आपला स्कोअरर आपण आणायचा, आणि या कामाला कुणी म्हणजे कुणी तयार नसायचं. पुढच्या शनिवारी तिनं आजोबांना सायकलीवरून नव्हे, चक्क बसनं, हाताला धरून फ्राऊ होल्ट्साप्फेल यांच्या वर्गात नेऊन बसवलं.

फ्राऊ होल्ट्साप्फेल या साठीच्या, आखूड केसांच्या, आवाजात जरब असलेल्या बाई. विद्यापीठांच्या सगळ्या सामन्यांच्या स्कोअरिंगची जबाबदारी त्यांच्याकडे. दत्तात्रयांशी त्या इंग्रजीत बोलायच्या. नऊ खेळाडूंना नऊ आकडे असतात हे दत्तात्रयांना तासाभरात पाठ झालं. चेंडू टाकणारा पिचर एक, त्याचा चेंडू झेलणारा दोन, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावून गाठायच्या ठाण्यांच्या, मधे उभा राहणारा शॉर्टस्टॉप सहा. अन्वी शॉर्टस्टॉप होती, म्हणजे सहा. सगळं सुरळीत चाललेलं असताना गाडी एका जागी अडली. मारलेला चेंडू अडवता आला नाही आणि मारणारा पहिल्या बेसवर पोचला, तर ती त्याची कमाई, म्हणजे हिट, की अडवणाऱ्याची चूक, म्हणजे एरर?

"अंपायर कोणती खूण करतो?" दत्तात्रयांनी विचारलं.

"कोणतीच नाही."

"मग मला कोण सांगणार?"

"तुम्हीच."

त्यांनी हाच प्रश्न तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारून पाहिला. तिसऱ्या वेळी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हेर् बेहेरे, साधारण प्रयत्नानं अडवता येण्यासारखा चेंडू सुटला तर एरर. तसा नसेल तर हिट. साधारण म्हणजे किती, ते तुम्ही ठरवायचं. त्यासाठीच तर तुम्हाला तिथं बसवतात."

त्या रात्री जेवताना दत्तात्रयांचा चेहरा पाहून सरलाबाईंना वाटलं, परीक्षेत नापास झाले बहुतेक. तसं काही नव्हतं. ते पास झाले होते, आणि त्याचीच त्यांना धास्ती बसली होती.

पण माणूस कशालाही सरावतो. पहिला उन्हाळा गेला, दुसरा आला, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेकडच्या विद्यापीठांची अजिंक्यपदाची स्पर्धा एर्लांगेनलाच भरली. शनिवारी चार सामने झाले. रविवारी अकराला अंतिम सामना, एर्लांगेन विरुद्ध फ्रायबुर्ग, सात डावांचा. यजमान संघाचा स्कोअरर म्हणून वही दत्तात्रयांच्या पुढ्यात आली. शेजारी फ्राऊ होल्ट्साप्फेल बसल्या, नुसतं पाहायला. मैदान गावाबाहेर, एका बाजूला पाइनचं रान, दुसऱ्या बाजूला शतावरीची शेतं. ऊन स्वच्छ होतं, हवा अगदी बेताची. कुंपणालगत मयुरेश घडीच्या खुर्च्या टाकून बसला होता. सरलाबाई केकच्या टेबलावर होत्या, कारण इथं सामना म्हटला की घरटी एक केक न्यावाच लागतो. त्यांच्या रव्याच्या केकपुढे अन्वीनं 'वेलची घातलेला' अशी जर्मन चिठ्ठी लावली होती, आणि तो सगळ्यांच्या आधी संपायला लागला होता.

एर्लांगेनचा पिचर युस्टुस. उंच, खांदे जरा पुढे झुकलेले, बोलायला बुजरा. नऊ वर्षं या संघात. आधी बॅचलर, मग मास्टर, मग पीएचडी असं करत करत तो इथंच राहिला होता. आता प्रबंध देऊन झाला होता, पुढच्या महिन्यात तो कीलला नोकरीवर जाणार होता. म्हणजे हा त्याचा शेवटचा सामना. नऊ वर्षांत संघानं काही जिंकलं नव्हतं, आणि त्यानंही. अन्वी त्याला मोठ्या भावासारखा मानायची, कारण पहिल्या वर्षी तिला कुणी संघात घ्यायला तयार नव्हतं तेव्हा यानंच तिला रोज संध्याकाळी दोनशे-दोनशे चेंडू मारून दिले होते.

तिसऱ्या डावात तो चेंडू आला. फ्रायबुर्गच्या एका गोऱ्या, आडव्या बांध्याच्या मुलानं सणसणीत मारला, जमिनीसरसा, अन्वीच्या बराच उजवीकडे. गवत संपून लाल माती सुरू होते तिथं चेंडू टप्पा घेऊन एकदम उसळला. अन्वीनं अंग झोकून दिलं. चेंडू ग्लोव्हला लागला, आत शिरल्यासारखा झाला आणि बाहेर पडला. ती उठेपर्यंत मुलगा पहिल्या बेसवर पोचलासुद्धा.

दत्तात्रयांची पेन्सिल क्षणभर थांबली. मग त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, एरर, सहा.

लिहिताना त्यांना एक प्रकारचं समाधान वाटलं, हे खोटं कशाला सांगा. नात आहे म्हणून आजोबांनी पांघरूण घातलं, असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही, असं ते समाधान होतं. फ्राऊ होल्ट्साप्फेल यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"श्ट्रेंग," त्या म्हणाल्या. म्हणजे कडक.

दत्तात्रयांनी तो शब्द कौतुकाचा म्हणून घेतला. फळ्यावर चुकांच्या रकान्यात एकचा आकडा लागला. अन्वीनं तो पाहिला, टेबलाकडे पाहिलं, छातीवर हात ठेवून 'माझीच' अशी खूण केली आणि कपड्यांवरची माती झटकून पुन्हा वाकून उभी राहिली. कुंपणापलीकडे मयुरेश खुर्चीत जरा पुढे सरकून बसला होता. तो फळ्याकडे पाहत नव्हता, वडलांकडे पाहत होता.

पुढचा फलंदाज बाद झाला, सामना पुढे सरकला. पाचव्या डावात एर्लांगेनच्या एका मुलानं फ्रायबुर्गच्या उंचच उंच शॉर्टस्टॉपच्या उजवीकडे असाच एक चेंडू हाणला. तोही पडला, त्याच्याही ग्लोव्हला चेंडू लागून निसटला. दत्तात्रयांनी मान हलवत 'वा, काय मारला' म्हटलं आणि हिट लिहून टाकली. या हिटवर एर्लांगेनला दोन रन मिळाले, आणि त्यावरच सामना पुढे ठरला.

एव्हाना एर्लांगेनच्या बाकावर काहीतरी बिनसल्यासारखं दिसत होतं. युस्टुस एका टोकाला बसायचा आणि बाकीचे आठजण दुसऱ्या टोकाला. कुणी त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हतं. पाण्याची बाटलीसुद्धा कुणी हातात देत नव्हतं, बाकावर ठेवून लांब व्हायचे. सरलाबाई थर्मासमधला चहा घेऊन टेबलाशी आल्या.

"अहो, त्या पोराला वाळीत टाकलंय का? भांडणं झाली वाटतं."

"मला काय माहीत?"

"तुम्हाला कधी काय माहीत असतं!" असं म्हणून त्या तडक बाकाकडे गेल्या, युस्टुसच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या हातात रव्याचा केक ठेवला. सगळा संघ डोळे फाडून पाहत राहिला. युस्टुसनं केक मुकाट्यानं खाल्ला आणि पुढच्या डावात तीनच्या तीन गडी बाद केले. मग मात्र संघातली मुलं सरलाबाईंना जागेवरून उठू देईनात.

सातव्या डावात शेवटचा चेंडू उंच उडाला, झेलला गेला, आणि एकदम काय झालं ते दत्तात्रयांना कळेना. जिंकल्यावर मुलं नाचणार हे ठीक. पण ही मुलं रडत होती. युस्टुस गुडघ्यांवर बसला होता आणि सगळे त्याच्यावर जाऊन पडले होते.

"हेर् बेहेरे, तुम्हाला कळलं नाही?" फ्राऊ होल्ट्साप्फेल यांनी वहीतल्या फ्रायबुर्गच्या हिटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं शून्य होतं. "नो-हिटर. पूर्ण सामन्यात एकही हिट नाही. मी वीस वर्षांत दोनदा पाहिलंय. असं होत आलं की त्याच्याशी कुणी बोलायचं नसतं, अपशकुन मानतात. तुमच्या पत्नीनं आज माझा जीव टांगणीला लावला." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही तिसऱ्या डावात एवढे कडक राहिला नसतात, तर हा दिवस आलाच नसता."

अन्वी धावत आली, टेबलावरून वाकून तिनं आजोबांचा मुका घेतला आणि जर्मनमध्ये काहीतरी ओरडून पुन्हा पळाली. बाईंनी भाषांतर करून सांगितलं, "ती म्हणते, आयुष्यातली माझी सगळ्यात सुंदर एरर."

मग फोटो झाले, चषक झाला, जाळीवर सॉसेज भाजायला लागले. एका चेंडूवर सगळ्या संघानं सह्या केल्या आणि तो युस्टुसला दिला. तो बुजरा मुलगा चेंडू हातातून खाली ठेवायला तयार नव्हता, सॉसेजसुद्धा डाव्या हातानं खात होता. फ्राऊ होल्ट्साप्फेल यांनी दत्तात्रयांपुढे सामन्याची वही, त्यांच्या भाषेत प्रोटोकॉल, ठेवली. चहा घ्या, एकदा नजर टाका, सही करा, म्हणाल्या. स्कोअररला आपला निर्णय बदलायचा असेल तर चोवीस तास असतात, पण तुम्हाला त्याची गरज पडणार नाही. मी संध्याकाळी पाठवून देते.

मयुरेश कॉफीचे दोन कप घेऊन आला आणि बाईंच्या रिकाम्या खुर्चीत बसला. सत्तेचाळिशीचा, डोक्यावरचे केस मागे हटलेला, घरात वडलांसारखाच मोजकं बोलणारा माणूस. एक कप त्यानं वडलांपुढे सरकवला.

"बाबा, तिसऱ्या डावातला तो चेंडू," तो म्हणाला. "ती एरर नव्हती."

"नव्हती कशी? ग्लोव्हला लागला होता. हाताला लागला म्हणजे चान्स होता. क्रिकेटमध्ये—"

"हे क्रिकेट नाही. आणि पाचव्या डावात त्या उंच मुलाच्याही ग्लोव्हला लागला होता. त्याला काय दिलंत?"

दत्तात्रयांनी पान मागे उलटलं. पाचवा डाव. हिट. अक्षर घाईतलं, पण खात्रीचं. मग तिसरा डाव. एरर, सहा. अक्षर ठसठशीत, वर गिरवलेलंसुद्धा. तीच बाजू, तसाच टप्पा, तसाच निसटलेला चेंडू. अन्वीचा तर गवताच्या कडेवरून उसळलेला, म्हणजे थोडा जास्तच अवघड. वहीतले ते दोन्ही चौकोन त्यांनी तीन-चार वेळा पाहिले. गणिताच्या माणसाला हे पाहायला एवढा वेळ लागायला नको होता.

"तू एवढं लांबून कसं पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं?" मयुरेश म्हणाला. "मी तुमच्या वर्गात होतो." आणि तो उठून खुर्च्या गोळा करायला गेला.

दत्तात्रय टेबलाशी एकटेच राहिले. कॉफी निवून गेली. या एका चौकोनावर युस्टुसचा सगळा आनंद उभा होता. चौकोन बदलला तर चषक जाणार नव्हता, कुणाचं काही बिघडणार नव्हतं, फक्त त्या मुलाच्या हातातल्या चेंडूला काही अर्थ उरणार नव्हता. नऊ वर्षं, शेवटचा सामना.

सरलाबाईंना त्यांचा चेहरा लांबूनच कळला. त्यांनी येऊन सगळं ऐकून घेतलं.

"अहो, कुणाला काय फरक पडतो? अन्वीची तक्रार आहे का?"

"नाही."

"त्या फ्रायबुर्गवाल्यांची?"

"नाही."

"मग करा सही आणि चला. पोर एवढं खूश आहे."

एरवी एवढ्यावर विषय संपला असता. पन्नास वर्षं असेच विषय संपत आले होते. पण या वेळी दत्तात्रय उठले नाहीत. सरलाबाईंचं म्हणणं चूक होतं असं नाही. पण तो चौकोन खोटा होता. चूक माणसाकडून होते, ती होऊन जाते. ही त्यांनी समजून-उमजून केली होती, आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. खूण करून सांगणारा अंपायर इथं कुणी नव्हता.

"मी त्या मुलाशी बोलून येतो," ते म्हणाले. सरलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू यांना ताप आलाय.

त्यांनी अन्वीला हाक मारली आणि दोघं युस्टुसकडे गेले. तो सायकलींच्या स्टँडपाशी आईला फोन करत होता. आजोबांना पाहून त्यानं फोन ठेवला आणि अदबीनं सरळ उभा राहिला.

"अन्वी, मी बोलतो तसं त्याला सांग. पदरचं घालू नकोस, काही गाळूही नकोस."

"हो, आबा."

"तिसऱ्या डावातल्या चेंडूला मी एरर दिली. ती चुकीची होती. ती हिट आहे."

अन्वी युस्टुसकडे वळलीच नाही. ती जर्मनमध्येच, पण आजोबांशी बोलायला लागली, भराभर, हातवारे करत. शब्द कळत नसले तरी म्हणणं कळत होतं. मला चालतंय, माझ्या नावावर राहू दे, तुम्हाला काय करायचंय.

"तुला चालत असेल," दत्तात्रय म्हणाले. "पण ती एरर मी तुला तू माझी नात आहेस म्हणून दिली. दुसऱ्या कुणाला दिली नसती. हेही सांग त्याला."

अन्वीचे डोळे भरून आले. तिनं युस्टुसकडे वळून सांगितलं, हळूहळू, एकेक वाक्य तोडून. सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती. युस्टुस मात्र दत्तात्रयांकडे पाहत होता. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"तो विचारतो," पलीकडून मयुरेश म्हणाला. तो खुर्च्या काखेत धरून कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "तो विचारतो, तिच्या जागी फ्रायबुर्गचा तो उंच मुलगा असता तर?"

"त्याला हिट दिलीच आहे. पाचव्या डावात. आत्ता वही दाखवतो."

युस्टुसनं वही मागितली नाही. त्यानं चेंडू हातात एकदा फिरवला. "नॉइन यारे," तो स्वतःशीच म्हणाला, आणि हे दत्तात्रयांना भाषांतराशिवाय कळलं. नऊ वर्षं. मग त्यानं एक मोठा श्वास घेतला.

"आल्झो. हिट." तर मग हिट.

त्यानं चेंडू बॅगेत टाकला, बॅगेची चेन लावली, सायकलचं कुलूप काढलं आणि निघाला. हात मिळवला नाही, रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं दत्तात्रयांना वाटलं. अन्वी जागच्या जागी पाय आपटून त्याच्या मागे धावली. सायकल थांबली. दोघं शतावरीच्या शेताच्या कडेनं चालत गेली, सायकल मधे घेऊन.

दत्तात्रयांनी टेबलाशी जाऊन तो चौकोन खोडला, वर हिटची रेघ ओढली, शेजारी वेळ घातली, तीन वाजून चाळीस मिनिटं, आणि सही केली. फ्राऊ होल्ट्साप्फेल यांनी दोन्ही डाव पडताळून पाहिले. आपली सही करून त्या स्वतः चालत फळ्यापाशी गेल्या आणि दोन आकडे बदलले. सॉसेजच्या जाळीपाशी जमलेली मुलं एकेक करून फळ्याकडे पाहायला लागली, आणि मग टेबलाकडे. दत्तात्रय मान खाली न घालता बसून राहिले. तेवढं तरी त्यांना करायचं होतं.

मयुरेशची गाडी पार्किंगच्या अगदी टोकाला होती. बापलेक खुर्च्या घेऊन तिथवर आले. मयुरेशनं डिकी उघडली.

"आठवीची सहामाही," दत्तात्रय म्हणाले. "भूमिती. तुला मी एक्क्याऐंशी दिले होते."

मयुरेशनं हातातली खुर्ची खाली टेकवली.

"नव्वद होते. शेवटची तीन उदाहरणं तू वेगळ्या रीतीनं सोडवली होतीस. रीत बरोबर होती. दुसऱ्या कुणाची असती तर मी सगळ्या वर्गाला वाचून दाखवली असती. तुझे नऊ मार्क कापले, आणि तुझ्याऐवजी वर्गातला विलास पहिला आला."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी तो पेपर संध्याबाईंकडून तपासून घेतला होता. दुसऱ्या तुकडीला गणित शिकवायच्या त्या. त्यांनी नव्वद दिले." मयुरेश खुर्ची डिकीत ठेवून ती सारखी करत राहिला. ती सारखीच होती.

"मग मला येऊन विचारलं का नाहीस?"

"चूक झाली असेल असं वाटलं असतं तर विचारलं असतं. पण तुमची बेरीजसुद्धा कधी चुकायची नाही." तो डिकीत पाहूनच बोलत होता. "मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही."

शाळेत लोक काय म्हणतील, बेहेरे सरांचा मुलगा म्हणून पहिला आला म्हणतील, हे सगळं दत्तात्रयांच्या ओठांवर आलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी स्वतःला तेच सांगितलं होतं, आणि ते सांगताना मान ताठ ठेवली होती. आता ते सांगायची त्यांना लाज वाटली. तेरा वर्षांचा मुलगा पेपराची घडी करून दुसऱ्या मास्तरणीच्या दारात उभा राहिला होता, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन त्यानं त्यांच्या शेजारी बसून जेवण केलं होतं. तिसरी पोळी नको म्हणाला असेल, तर तेवढंच.

"तू मला फार आवडायचास रे," ते म्हणाले. आवाज त्यांच्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. पलीकडे गाडीवर सायकली चढवणारं एक कुटुंब वळून पाहायला लागलं. "फार आवडायचास. सगळ्या वर्गात मी तुझाच पेपर आधी काढून वाचायचो. आणि मग त्याचेच मार्क कापायचो. चुकलं माझं."

मयुरेशनं डिकी बंद केली आणि तिच्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. त्याचे खांदे एकदोनदा हलले. दत्तात्रयांनी आयुष्यात मुलाला जवळ घेतलं नव्हतं असं नाही, पण त्याला मिशा फुटल्यापासून नक्कीच नव्हतं, त्यामुळे नेमकं कुठं धरायचं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट उन्हानं तापला होता. त्यांनी तो हात तिथून काढला नाही.

"बाबा," मयुरेश म्हणाला, "ती वेगळी रीत तुम्हाला अजून आठवते?"

"आठवते ना."

"मला नाही आठवत."

मग दत्तात्रयांनी खिशातली पेन्सिल काढली, सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेची मागची कोरी बाजू डिकीवर पसरली आणि एक वर्तुळ काढलं. मयुरेश शेजारी वाकून पाहायला लागला.